तंबूरवाल्यांच्या घरातला कप्तान

वाचकाचे पत्र (संक्षेपाने, नाव वगळून)

पुण्याच्या कॅम्प भागात पाच पिढ्यांपासून राहणाऱ्या, घरात मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्या एका कॅथलिक कुटुंबातील शिक्षिकेचे हे पत्र आहे. पुढच्या वर्षी त्यांचे वडील ऐंशी वर्षांचे होतील आणि त्या निमित्ताने घराण्याच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका काढायचे ठरले आहे. खापरपणजोबा पोर्तुगीज कप्तान होते आणि अंगात सात गोळ्या शिरूनही ते किल्ल्याच्या तटावरून मागे हटले नाहीत, असे घरात सांगत आले आहेत. राणीची छबी असलेले एक चांदीचे पदक घरात आहे आणि त्याच्या वरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘पर्शिया’ असे लिहिलेले आहे. अलीकडे पणजोबांच्या बाप्तिस्म्याची १८६८ सालची नोंद हाती आली. तीत त्यांच्या वडिलांच्या नावापुढे ‘पेन्शनर ड्रमर, पूर्वी २० वी नेटिव्ह इन्फंट्री’ असे आहे. थोरल्या काकांना हे मान्य नाही. ‘आपण कप्तानाचे वंशज आहोत, बाजेवाल्याचे नाही, हे छापणार असशील तर पुस्तिकेत माझे नाव घालू नकोस,’ असे ते म्हणाले. वडील काहीच बोलत नाहीत. जुने शेजारी या घराला ‘तंबूरवाल्यांचे घर’ म्हणत. पूर्वी घरात कोणी गवई असावा, असा काकांचा त्यावर खुलासा आहे. शिक्षिका विचारतात: खरे छापावे की काकांचा मान राखावा? पुढचा शोध घ्यायला लंडनलाच जावे लागेल का? आणि आपण पोर्तुगीज की गोव्याचे, हे डीएनए चाचणी करून एकदाचे ठरवून टाकावे का?

उत्तर

तुमच्या पत्रात एका पारड्यात सत्य आहे आणि दुसऱ्यात काका. ही मांडणी मला थोडी घाईची वाटते. सत्याच्या पारड्यात सध्या एका नोंदीतल्या चार-पाच शब्दांपलीकडे काही नाही, आणि त्या शब्दांचा जो अर्थ काका घेतात तोच तुम्हीही घेत आहात. ‘ड्रमर’ म्हणजे बाजेवाला, म्हणजे शिपायापेक्षा कमी, म्हणजे लपवण्यासारखे काहीतरी, असे काका मानतात. तुम्ही ते लपवायला तयार नाही, एवढाच तुम्हा दोघांतला फरक आहे. त्या कामाची किंमत तुम्ही दोघांनीही जवळपास सारखीच केली आहे. म्हणून आधी त्या शब्दाकडेच पाहू.

कंपनी सरकारच्या पलटणीतला ड्रमर हा लग्नात किंवा वरातीत वाजवणारा माणूस नव्हता. प्रत्येक तुकडीमागे ढोल आणि बासरी वाजवणाऱ्यांच्या मंजूर जागा असत. त्यांचे नाव हजेरीपटावर असे, त्यांना पगार आणि गणवेश मिळे, कोर्ट मार्शलचे नियम त्यांना लागू होते आणि, तुमच्याच नोंदीत दिसते त्याप्रमाणे, पेन्शनही मिळे. घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर नव्हते त्या काळात छावणीचा सगळा दिवस ढोलाच्या ठोक्यांवर चालत असे. पहाटे उठण्याचा ठोका, कवायतीला जमण्याचा ठोका, सूर्यास्ताचा, रात्री दिवे मालवून बराकीत परतण्याचा असे ठोके वेगवेगळे असत आणि ऐकणाऱ्याला ते शब्दांसारखे कळत. कूच करताना पावलांची लय ढोलावर ठरे. लढाईच्या गोंगाटात अधिकाऱ्याचा आवाज वीस हातांपलीकडे पोहोचत नसे. म्हणून ढोलवाला त्याच्या जवळपास राही आणि हुकूम वाजवून सांगे. थोडक्यात, गोळी चालत असताना हातात बंदूक न घेता अधिकाऱ्याच्या शेजारी उभा राहणारा हा माणूस होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण तुमच्या घरच्या गोष्टीकडे परत येताना त्याचा उपयोग होणार आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोऱ्या पलटणींत गुन्हेगार शिपायाच्या पाठीवर फटके मारण्याचे काम ढोलवाल्यांकडे असे. हिंदी पलटणींतील फटक्यांची शिक्षा गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३५ मध्ये बंद केली, परंतु १८४५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे तुमचे खापरपणजोबा पलटणीत होते त्या काळात ही शिक्षा अस्तित्वात होती. त्यांनी काय केले, काय पाहिले, हे कोणताही कागद तुम्हाला सांगणार नाही. पूर्वजांचा शोध घेणारे बहुतेक लोक पदक सापडण्याच्या आशेने निघतात. चाबूक सापडला तर काय करायचे, हा विचार निघण्यापूर्वी केलेला बरा.

आता काकांच्या ‘पोर्तुगीज’ या शब्दाकडे येऊ. तुमच्या खापरपणजोबांच्या हाती बंदुकीऐवजी ढोल का आला असावा, याचे एक उत्तर कंपनीच्या दप्तरात आहे. १७९५ मध्ये कंपनीने असा ठराव केला की, ज्याच्या आई-वडिलांपैकी एक जरी युरोपीय नसेल अशा माणसाला सैन्यात बासरीवाला, ढोलवाला, बँडवाला किंवा नालबंद याखेरीज घ्यायचे नाही. हा ठराव मिश्र वंशाच्या लोकांना वरच्या जागांवरून दूर ठेवण्यासाठी होता, आणि त्याच्या पोटात जन्मावरून माणसाला खाली ढकलण्याची जी वृत्ती आहे ती आपल्याला अनोळखी नाही. त्याचा एक परिणाम असा झाला की, हिंदी पलटणींच्या ढोल-बासरीच्या जागांवर ख्रिस्ती माणसे मोठ्या संख्येने दिसू लागली. त्यांत मिश्र वंशाचे होते, तसेच नाव पोर्तुगीज पण रक्ताने पूर्णपणे इथले असेही होते. कंपनीचा कारकून या सगळ्यांना सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणून मोकळा होई. त्या काळच्या कागदात हा शब्द बहुधा धर्म, पोशाख आणि आडनाव पाहून लावलेला असतो. देश किंवा वंश तपासून नव्हे.

आडनावाचेही तसेच आहे. गोव्यात आणि वसई-साष्टीत धर्मांतराच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळत असे, त्यामुळे एकाच गावात रक्ताचे काही नाते नसलेली डिसोझा आणि फर्नांडिस कुटुंबे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पोर्तुगीज आडनाव हा पोर्तुगीज वंशाचा पुरावा नाही, आणि त्याच्या विरोधातलाही नाही. ‘तंबूरवाल्यांचे घर’ या नावाबाबत मात्र मला काकांचा खुलासा पटत नाही. गवयाचा तो तंबोरा. तंबूर हा लष्करी ढोलासाठी जुन्या मराठीत वापरला जाणारा शब्द आहे, आणि पोर्तुगीज भाषेत ढोलाला आणि ढोलवाल्यालाही ‘तांबोर’ असेच म्हणतात. काका ज्याला बाजेवाला म्हणून नाकारतात, त्याची ओळख शेजाऱ्यांनी शंभर वर्षे जपून ठेवली होती.

राहिला कप्तान. तुमच्या पत्रातील सात गोळ्यांच्या उल्लेखापाशी मी थांबलो, कारण ही गोष्ट मी आधी वाचलेली आहे.

तुमच्या पदकाच्या पट्टीवर असलेल्या ‘पर्शिया’ या शब्दाचा पारशांशी संबंध नाही आणि कोणा इराणी पूर्वजाशीही नाही. १८५६ च्या हिवाळ्यात कंपनीने मुंबईहून इराणच्या आखातात सैन्य पाठवले, कारण इराणच्या शहाने अफगाणिस्तानातील हेरात घेतले होते. ९ डिसेंबर १८५६ रोजी बुशहरजवळच्या रिशहरच्या जुन्या किल्ल्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी बुशहर शरण आले आणि ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाबची लढाई झाली. १८५४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदकावर या मोहिमेसाठी ‘पर्शिया’ अशी पट्टी दिली गेली, आणि ती गोऱ्यांप्रमाणे हिंदी पलटणींनाही मिळाली. या मोहिमेत मुंबई सैन्याची २० वी नेटिव्ह इन्फंट्री होती. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तुमच्या खापरपणजोबांची म्हणून लिहिलेली पलटण हीच.

९ डिसेंबरच्या हल्ल्यात या २० व्या पलटणीच्या ग्रेनेडियर तुकडीचे नेतृत्व जॉन ऑगस्टस वुड नावाच्या कॅप्टनने केले. तटावर चढणारा तो पहिला माणूस होता. तटातच खणलेल्या चरातून शत्रूचे शिपाई अचानक उठले आणि त्यांनी एक-दोन यार्डांवरून बंदुका झाडल्या. वुडला सात गोळ्या लागल्या, तरी तो मागे हटला नाही. त्याने समोरच्या म्होरक्याच्या अंगात तलवार खुपसली आणि मागून चढलेल्या त्याच्या माणसांनी तट ताब्यात घेतला. या कृत्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे १८७८ मध्ये तो वारला, तोही पुण्यातच.

पलटण एक, मोहीम एक, कप्तान एक आणि गोळ्याही सातच. मी तुमच्या घरात नव्हतो, त्यामुळे यापुढे जे लिहितो तो तर्क समजावा. तुमचे खापरपणजोबा त्या दिवशी नेमके कुठे उभे होते हे आपल्याला माहीत नाही. परंतु ते त्या पलटणीत असतील, तर ही हकीकत त्यांनी पाहिली असेल किंवा पाहणाऱ्यांच्या तोंडून त्याच रात्री ऐकली असेल. पेन्शन घेऊन पुण्यात आल्यावर त्यांनी ती मुलाला सांगितली असेल. ‘आमचा कप्तान सात गोळ्या लागूनही हटला नाही,’ हे वाक्य दोन पिढ्या उतरले की त्यातला ‘आमचा’ हा शब्द आपली जागा बदलतो. पलटणीचा कप्तान घरचा होतो. यात कोणी खोटे बोलले असे मला वाटत नाही. तुमच्या काकांकडे जी गोष्ट आहे, ती १८५६ सालची एक खरी घटना आहे आणि ती कोणत्याही पुस्तकाच्या मदतीशिवाय तोंडोतोंडी, गोळ्यांच्या आकड्यासह, तुमच्यापर्यंत आली आहे. ही माझ्या मते तुमच्या पुस्तिकेतली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे आणि ती काकांनी जपली आहे. कप्तान आणि ढोलवाला यांपैकी एक निवडायची वेळ तुमच्यावर आलेलीच नाही, कारण ढोलवाला होता म्हणूनच कप्तान तुमच्या घरात आला असण्याचा संभव आहे.

‘पोर्तुगीज अधिकारी’ या भागालाही कुठेतरी मूळ असू शकते. पुण्यात ख्रिस्ती शिपाई इंग्रजांच्या आधीपासून होते. खुद्द पेशव्यांच्या चाकरीत होते. क्वार्टर गेटजवळचे जे चर्च ‘सिटी चर्च’ म्हणून ओळखले जाते, त्याच्यासाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली ती या शिपायांच्या प्रार्थनेची सोय व्हावी म्हणून, आणि त्या कामी पेशव्यांच्या सैन्यातील एका गोमंतकीय अधिकाऱ्याने पुढाकार घेतल्याचे सांगतात. तुमचे कुटुंब त्या वस्तीत मिसळले असेल, तर तिथल्या आठवणीही तुमच्या आठवणींत मिसळल्या असतील. पुराव्याशिवाय हे पुस्तिकेत मात्र लिहू नका.

आता शोधाविषयी. शोध माणसाचा करू नका, पलटणीचा करा, हे मी अशा प्रत्येक पत्राला उत्तर देताना सांगतो. हिंदी शिपायांची वैयक्तिक नावे लंडनपर्यंत क्वचितच पोहोचली. पलटण मात्र पावलोपावली कागद सोडत गेली. तुमच्या बाबतीत क्रमांक हाती आहे, हे मोठेच भाग्य. परंतु क्रमांकासारखी फसवी वस्तू दुसरी नाही. विसावी नेटिव्ह इन्फंट्री बंगालच्या सैन्यात होती, मद्रासच्या सैन्यात होती आणि मुंबईच्याही, तेव्हा आधी इलाखा पक्का करावा. ‘पर्शिया’ ही पट्टी आणि पुण्यातले वास्तव्य या दोन्ही गोष्टी मुंबईकडे बोट दाखवतात. तुमची पलटण १८१७ मध्ये उभी राहिली तेव्हा ती दहाव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. १८२४ च्या फेररचनेत तिला २० हा क्रमांक मिळाला. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले तेव्हा ती १२० वी राजपुताना इन्फंट्री झाली. आणि १९२२ मध्ये ती सहाव्या राजपुताना रायफल्सची दुसरी बटालियन झाली; पुढे रेजिमेंटच्या नावातला ‘सहावा’ हा क्रमांक गळाला. १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात तोलोलिंगचे शिखर घेणारी ती हीच बटालियन. पुण्यातल्या एका ख्रिस्ती ढोलवाल्याच्या पलटणीचा वारसा आज दिल्ली छावणीत केंद्र असलेल्या रेजिमेंटकडे आहे, हे तुमच्या काकांना नक्की सांगा. त्या केंद्राला एक साधे, नम्र पत्र लिहायला हरकत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या ढोलवाल्याची नोंद मिळण्याची आशा मात्र कमी ठेवा.

ख्रिस्ती कुटुंब असल्याचा या कामात तुम्हाला एक मोठा फायदा आहे. त्याच पलटणीतल्या मराठा, महार किंवा मुसलमान शिपायाच्या घरी जन्म, लग्न आणि मृत्यू यांची लेखी नोंद बहुधा नसे. चर्चच्या वहीत ती असे, आणि कामाच्या रकान्यात पलटणही लिहिली जाई. तुम्हाला एक नोंद मिळाली आहे. तिच्यातल्या धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे नाव तुम्ही लिहून घेतले आहे का? पलटणीतली माणसे एकमेकांच्या मुलांचे धर्मपिता होत, त्यामुळे ते नाव बहुधा दुसऱ्या ढोलवाल्याचे किंवा बँडवाल्याचे निघते आणि शोधाचे दुसरे दार उघडते. त्यानंतर पणजोबांची भावंडे, खापरपणजोबांचे लग्न आणि त्यांचे दफन या नोंदी शोधा. दफनाच्या नोंदीत वय असते, आणि त्यावरून जन्मसालाचा अंदाज येतो. शिवाय १८६८ मध्ये, मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीच, ते पेन्शनर होते, म्हणजे बहुधा एक तर ते पोरवयात भरती झाले किंवा जायबंदी होऊन निवृत्त झाले. ढोलवाल्यांची मुले लहानपणीच पलटणीच्या पटावर येत, म्हणून पहिली शक्यता मला अधिक वाटते. परंतु ‘ड्रमर’ म्हणजे लहान मुलगाच, हा चित्रांनी रुजवलेला समज आहे. ढोल गळ्यात अडकवून पन्नाशीला पोहोचलेली माणसेही पलटणीत असत.

नोंदी एकाच चर्चमध्ये असतील असे धरून चालू नका. त्या काळी मुंबई इलाख्यातील कॅथलिक समाज दोन अधिकारांत विभागलेला होता: एक गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालचा ‘पाद्रोआदो’, दुसरा थेट रोमकडून नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांचा ‘प्रोपागांदा’. छावणीत प्रोपागांदाचा पाद्री असला तरी मूळचा गोवेकर ढोलवाला मुलाला घेऊन पाद्रोआदोच्या चर्चमध्ये जाई, किंवा भांडण झाले की उलट करी. म्हणून सिटी चर्च आणि कॅम्पातली चर्चे, दोन्हीकडच्या वह्या पाहाव्या लागतील. वही पाहण्यासाठी फादरना आधी पत्र लिहा, सालांची मर्यादा घाला आणि रविवारी जाऊ नका.

लंडनला जाण्याची गरज तूर्त नाही. कंपनीच्या पाद्र्यांनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वार्षिक प्रती ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनमधल्या भारतविषयक खात्याच्या, दप्तरात आहेत. मुंबई इलाख्याच्या प्रती ‘एन/३’ या मालिकेत मिळतात, आणि त्यांतला बराच भाग फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. कॅथलिकांच्या नोंदी मात्र तिथे पूर्णपणे उतरलेल्या नाहीत, त्यामुळे तिथे नाव नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही. ब्रिटिश काळातील कुटुंबांचा शोध घेणारी ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही संस्था १९९८ पासून काम करते आणि तिची नामसूची विनामूल्य आहे. वर्गणी भरण्याआधी तिथे बघा. पदकांच्या याद्याही इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. शोधताना आडनाव सहा प्रकारांनी लिहून पाहा, कारण कारकून कानावर पडेल तसे लिहीत असे. डिसोझाचे ‘सोझा’, ‘डेसुझा’ आणि ‘सुझ’ झालेले मी पाहिले आहे.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. तिथे मुंबई सरकारच्या लष्करी खात्याचे खंड आहेत. ते वाचायला आठ दिवस पुरणार नाहीत, म्हणून १८५६-५७ ची मोहीम आणि १८६० च्या दशकातील पेन्शनचे कागद एवढीच मर्यादा ठेवून जा. मूळ गाव गोव्यातले आहे असे काही चिन्ह मिळाले, एखादे गावाचे नाव, लग्नाच्या नोंदीत ‘अमुक गावचा’ असा शब्द, तरच पणजीच्या पुराभिलेखागाराकडे वळा. गोव्यातील अनेक चर्चच्या जुन्या वह्या तिथे आहेत, पण त्या पोर्तुगीजमध्ये आहेत आणि गाव माहीत नसेल तर त्यांत शिरणे म्हणजे जत्रेत हरवलेल्या माणसाला आडनावाने हाक मारण्यासारखे आहे. कोणी मोठी रक्कम आगाऊ घेऊन ‘सात पिढ्यांची वंशावळ’ देतो म्हणाला, तर त्याला आधी विचारा की तो कोणत्या वहीचे कोणते पान पाहणार आहे.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात. पाच-सहा पिढ्यांपूर्वीचा एखादा पोर्तुगीज पूर्वज असलाच, तर त्याचा तुमच्यातला वाटा दोन-तीन टक्के किंवा त्याहून कमी निघेल, आणि तेवढ्या छोट्या आकड्याच्या बाबतीत या चाचण्यांचे अंदाज भरवशाचे नसतात. मुख्य म्हणजे त्या चाचणीत तुमच्याबरोबर काका, चुलत भावंडे आणि त्यांची मुले यांचीही माहिती नकळत परक्याच्या हाती जाते. ज्या घरात एका शब्दावरून अबोला धरला गेला आहे, तिथे त्यांना न विचारता हे करू नये. पोर्तुगीज की गोवेकर, हा प्रश्नही मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. तुमची माणसे दीडशे वर्षांहून अधिक काळ पुण्याची आहेत, हे तर कागदावरच आहे.

ज्या इतर वाचकांच्या घरी पलटणीतल्या वाजवणाऱ्याची आठवण आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. पूर्वज मराठा लाइट इन्फंट्रीत असतील, तर ‘ड्रमर’ऐवजी ‘बिगुलर’ हा शब्द शोधा, कारण लाइट इन्फंट्रीत हुकूम बिगुलावर दिले जात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या विनामूल्य सूचीत मिळू शकते. तिथल्या कूत या गावच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. महार कुटुंबांनी जुन्या नावांच्या शेवटचे ‘नाक’ लक्षात ठेवावे. कोरेगावच्या स्तंभावर ते दिसते, आणि आजच्या आडनावाने शोधल्यास तोच माणूस हुकतो. ज्यांचे पूर्वज इंग्रजांकडे नव्हते, मराठ्यांच्या नगारखान्यात होते, त्यांनी लंडनचा विचारच सोडून पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे जावे.

आता तुमच्या पुस्तिकेकडे आणि काकांकडे. पुस्तिकेत खापरपणजोबांसाठी एकच परिच्छेद न करता तीन वेगळे करा. पहिल्यात कागद काय सांगतो ते जसेच्या तसे, नोंदीच्या छायाचित्रासह. दुसऱ्यात काका काय सांगतात ते, काकांच्याच शब्दांत आणि त्यांच्या नावाने. तिसऱ्यात कॅप्टन वुडची हकीकत आणि तुमचा तर्क, तो तर्क आहे असे स्पष्ट लिहून. म्हणजे काकांची गोष्ट खोडली जाणार नाही आणि नोंदही दडवली जाणार नाही. वडील काहीच बोलत नाहीत असे तुम्ही लिहिता. ऐंशीव्या वर्षी, थोरल्या भावाच्या विरोधात, स्वतःच्याच वाढदिवसाच्या पुस्तिकेबद्दल त्यांनी काय बोलावे? त्यांना बाजू घ्यायला लावू नका. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून लहानपणी ही गोष्ट कोणी, कुठे आणि कशी सांगितली एवढेच विचारा आणि परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा. ‘कप्तान’ या शब्दाच्या आधी ते ‘आमचे’ म्हणतात की ‘पलटणीचे’, इकडे कान ठेवा.

काकांकडे बाप्तिस्म्याची नोंद घेऊन जाऊ नका. ती त्यांनी एकदा नाकारली आहे आणि दुसऱ्यांदा नाकारणे त्यांना सोपे जाईल. पदक घेऊन जा. या पदकांच्या कडेवर बहुधा ज्याला ते मिळाले त्याचे नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते, आणि तुमच्या पत्रावरून दिसते की तुमच्यापैकी कोणीही ती कडा अजून वाचलेली नाही. तिच्यावर दुसऱ्याच कोणाचे नाव निघाले, तर आपण वर केलेली सगळी मांडणी नव्याने करावी लागेल, तेव्हा छपाईआधी हे झालेच पाहिजे. पदकाला चिंच, राख किंवा पॉलिश लावू नका, अक्षरे झिजतात. दिवसा खिडकीजवळ बसा, पदक तिरपे धरा, उजेड एका बाजूने येऊ द्या, आणि भिंग काकांच्या हातात द्या.